कुक्षीचा खड्डा, दुसऱ्यांदा

मध्यभारत राज्य झालं त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी मातीच्या पाहणीत नोकरीला लागलो. घर देवासला. वडील देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या दरबारात जमाबंदीचं काम बघत. संस्थान विलीन झालं, तसे ते घरी बसले. मी इंदूरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि मिळेल ती नोकरी हवी होती. मातीची मला आवड होती असं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. पायाखाली असते ती माती, इतकीच माझी समज होती.

आमचं काम सांगायला सोपं होतं. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत जी काळी जमीन आहे ती सगळी एकाच जातीची की निरनिराळ्या जातींची, ते ठरवायचं. वर पठारावर अमझेऱ्याकडे काळी, घाट उतरून खाली कुक्षीला काळी, तिकडे कन्नौदलाही काळीच. डोळ्यांना सगळी सारखी. आमच्या पाहणीच्या साहेबांचं म्हणणं असं की मातीबद्दल चौघांची साक्ष घ्यावी लागते. पहिली खड्ड्याची, म्हणजे पाच-सहा फूट खणून कुठला थर कुठे संपतो ते पाहायचं. दुसरी लॅबची. तिसरी पावसाची, ती तहसिलीतल्या पर्जन्यमापकाच्या वह्यांतून उतरवून आणायची. आणि चौथी त्या जागेची: उतार किती, पाणी कुठून येतं, कुठे जातं, खाली कुठला दगड आहे. चौघं एकच सांगत असतील, तरच मातीला नाव द्यायचं.

साहेब ग्वाल्हेरकडचे, पन्नाशी उलटलेले. दोन्ही गुडघे दुखत, तरी प्रत्येक खड्ड्यात स्वतः उतरायचा त्यांचा हट्ट असे. लॅब देवासला, जुन्या पागेच्या एका भागात. तिथे एक बाई पृथक्करण करत. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. मला त्या 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणत, जसं आमच्या माळव्यात कुणीही कुणालाही म्हणतं. उंच नळकांड्यांत माती घुसळून ती खाली बसायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघत बसणं, हे त्यांचं दिवसभराचं काम. विजेचा भरवसा नसे. माती वाळवायची भट्टी मध्येच थंड पडे आणि मग त्या सगळं पहिल्यापासून करत. कंटाळलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. कंटाळायचो तो मीच.

त्या साली कार्तिकात साहेबांना ग्वाल्हेरला जावं लागलं आणि कुक्षीच्या बाजूचा खड्डा मला एकट्याला करावा लागला. एका पाटीदार शेतकऱ्याचं शेत होतं. पन्नाशीचा शांत माणूस, डोक्याला पांढरं फडकं. त्याने बांधाजवळची जागा दाखवली, दोन गडी दिले. खड्डा पुरा झाला त्या दिवशी मला थंडी वाजून ताप भरला. उभं राहवत नव्हतं. पाच थरांची माती पाच पिशव्यांत भरली. साहेबांचा नियम असा की माती आधी सावलीत वर्तमानपत्रावर दोन दिवस वाळवायची, मग भरायची. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची. एक पिशवीत टाकायची, एक बाहेर बांधायची. मी माती ओलीच भरली. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, म्हणून शाईच्या पेनने लिहिलं. बाहेरची चिठ्ठी बांधलीच नाही. खड्डा बुजवायला गड्यांना सांगितलं आणि अंगावर घोंगडी घेऊन बैलगाडीत जाऊन पडलो.

देवासला पोचून तीन आठवडे अंथरुणात होतो. बरा होऊन लॅबमध्ये पिशव्या सोडल्या, तर आत चिठ्ठ्यांचा नुसता निळा लगदा. पाच पिशव्या, पाचही काळ्या. कुठली वरची, कुठली खालची, काही कळेना.

त्याच वेळी, ग्वाल्हेरहून परतलेल्या साहेबांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. त्यातल्या जास्त काळ्या दिसणाऱ्या पिशव्या खालच्या थरांच्या आणि फिक्या वरच्या, असं मी मनानेच ठरवलं आणि नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, या वेळी पेन्सिलीने, सुवाच्य अक्षरात. मुळ्यांचे तंतू कुठल्या मातीत आहेत, पांढरे चुनखडे कुठल्या मातीत, ते बघण्याचंही सुचलं नाही. कदाचित सुचू दिलं नाही.

महिनाभराने बाईंनी मला हाक मारली. पुढ्यात त्यांची वही उघडी होती.

"भिया, ही कुक्षीची माती मला जरा अजीबच लागतेय. चुना वरच्या थरात जास्त, खाली कमी. खारही वरच. धारच्या बाकी सगळ्या खड्ड्यांत याच्या उलटं आहे."

"कुक्षीला पाऊस कमी पडतो ना," मी म्हणालो.

"ते आहे. पण इतका फरक?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मी फक्त आकडे देते. माती तू आणून देतोस. तुला पक्की खात्री आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

त्यांनी वही मिटली. पुढचं नळकांडं घुसळायला घेतलं.

साहेबांनी त्या आकड्यांवरून अहवालाचा खर्डा लिहायला घेतला. नक्कल मलाच करायची होती. कुक्षीच्या त्या गावापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'पृष्ठभाग क्षारयुक्त. ओलितास अयोग्य.' तेव्हा त्या भागात सरकारी विहिरी द्यायच्या होत्या आणि कुठल्या गावांना द्यायच्या ते आमच्या अहवालावरून ठरणार होतं, हे मला ठाऊक होतं. ते वाक्य मी नकलेत उतरवलं, खाडाखोड केली, परत उतरवलं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. आई विचारी, ताप परत आला का? नाही म्हणायचो. शेवटी एका दुपारी साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चष्मा काढून ते धोतराच्या सोग्याने काचा पुसत राहिले.

मीच घाईने म्हणालो, "साहेब, चिठ्ठ्या उलट्या क्रमाने लावल्या की आकडे बरोबर जुळतात. मी ताडून पाहिलंय."

"आकडे जुळतील तशा चिठ्ठ्या लावायच्या, तर मग खणायचं कशासाठी?" ते म्हणाले. "इथेच बसून लिहून टाकू की सगळ्या जिल्ह्याची माती." मग चष्मा लावून म्हणाले, "चैत्र लागला की परत जाऊ. मीही येतो."

"साहेब, तुमचे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत. तुम्ही पेन्सिली घ्या."

धारहून बस अमझेऱ्यापर्यंत बरी आली. घाट उतरल्यावर उन्हाचा भपकारा तोंडावर आला. पुढचा प्रवास बैलगाडीने. शेतं उघडी पडली होती, कापसाच्या पळाट्या उपटून झाल्या होत्या आणि काळ्या जमिनीला हात आत जाईल एवढ्या भेगा होत्या. पाटीदार बांधावर आला. मला ओळखलं. हसला नाही.

"साब, पेलां बी खोद्यो थो। अबे फेर कंई रई गयो?"

एकदा खणून झालं, आता आणखी काय राहिलं, हा त्याचा प्रश्न बरोबरच होता. मग त्याने मला जुन्या खड्ड्याची जागा दाखवली. तेवढ्या चौकोनात माती पांढुरकी दिसत होती. बाकीच्या शेतात हिवाळ्यात चणा आला होता, तिथे एक रोपही उगवलं नव्हतं. खड्डा बुजवताना खालची माती वर आली होती. "नीचली माटी ऊपर नाखी दी तमने," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. जी गोष्ट मला लॅबमध्ये कळली नाही ती हा माणूस पाच महिने रोज बघत होता.

साहेबांनी पुढे होऊन त्याला हात जोडले. म्हणाले, "पटेल, गलती हमारी है। इस बार मैं खुद खड़ा रहूँगा।"

नवा खड्डा जुन्यापासून दहा पावलांवर घेतला. कार्तिकात जी माती कुदळीला लोण्यासारखी लागली होती, ती आता पहारीला दाद देईना. गडी दोन होते, तिसरा मी. दुपारपर्यंत तीन फूट झाले. माझ्या तळहातांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेपाच फुटांवर आलो, तेव्हा साहेब शिडी लावून एकेक पायरी बसत-बसत खाली उतरले. भिंतीवर सुरी घासून थर मोकळे केले, मातीच्या रंगांचे नमुने असलेल्या खिशातल्या पुस्तकाशी ताडून बघितले. मातीचं एक ढेकूळ दोन बोटांत फोडून त्याची आरशासारखी गुळगुळीत बाजू मला दाखवली. ओली होऊन फुगलेली माती मातीवरच घसरते, त्याने ही चकाकी येते, म्हणाले. मग आम्लाची बाटली; मातीत चुना असेल तितकं आम्ल फसफसतं. वरच्या थरावर थेंब टाकला, जेमतेम फसफसला. दुसऱ्यावर थोडा. चौथ्या थरावर टाकला तेव्हा दुधासारखा उतू आला. तिथे पांढरे चुनखडे बोटाच्या पेराएवढे होते.

"लिहा," ते म्हणाले. मी पेन्सिलीने लिहिलं.

काठावर उकिडवा बसलेला पाटीदार हे सगळं बघत होता. तो आपणहून बोलू लागला. पहिल्या पावसात हे शेत पाणी पिऊन घेतं. पण आषाढात एकदा भेगा बुजल्या की खालच्या टोकाला पाणी आठ-आठ दिवस उभं राहतं. वर शोषलं जातं, खाली अडतं. साहेबांनी मान वर करून त्याला तीन-चार प्रश्न विचारले आणि त्याचं बोलणं जसंच्या तसं वहीत घेतलं. मी आजवर कुठल्या शेतकऱ्याला काही विचारलं नव्हतं.

पाचही थरांची माती आम्ही त्याच्या ओसरीवर वर्तमानपत्रांवर पसरली आणि दोन दिवस तिथेच राहिलो. साहेब खांबाला टेकून, गुडघ्यांना कडुलिंबाचा पाला बांधून बसत. खड्डा बुजवताना मात्र उन्हात उभे राहिले. सगळ्यात खालची माती आधी, मग तिच्यावरची, असं काठीने दाखवत एकेक ढीग आत ढकलायला लावला. घाई झालेल्या गड्याला दोनदा थांबवलं.

बाईंनी पावसाळ्याच्या तोंडाशी आकडे दिले. या वेळी काही विचारलं नाही, फक्त वही माझ्याकडे सरकवली. वरची माती चांगली होती. खार होता, पण तिसऱ्या फुटाखाली, आणि माती घट्ट करून पाणी अडवणारा सोडाही होता. तहसिलीच्या वह्यांतला पाऊस त्याच्या बाजूला मांडला, तेव्हा उलगडा झाला. पठारावर आणि कन्नौदकडे पाऊस एवढा पडतो की खार धुऊन खोल जातो. कुक्षीला तो अर्ध्या वाटेत थांबतो. उतार नाही, निचरा नाही, म्हणून बाजूनेही जात नाही. चारी साक्षी जुळल्या. दिसायला एक, पण जाती दोन. साहेबांनी दोन्ही जातींना दोन गावांची नावं दिली.

मला वाटलं, आता त्या गावाला विहिरी मिळतील. पण साहेबांनी लिहिलं: 'पृष्ठभाग उत्तम. मात्र निचऱ्याची सोय केल्याशिवाय ओलीत केल्यास खालचा क्षार वर येण्याचा धोका.'

"साहेब, वरचे लोक फक्त 'धोका' एवढाच शब्द वाचतील," मी म्हणालो.

"वाचोत. धोका आहे म्हणून लिहिलंय."

झालंही तसंच. पहिल्या यादीत गाव आलं नाही. म्हणजे माझ्या खोट्या चिठ्ठ्यांनी जे झालं असतं, तेच खऱ्या मातीनेही झालं. या गोष्टीने मी अगदी गळून गेलो. एवढं उन्हात मरून काय मिळालं, हा प्रश्न कितीतरी दिवस डोक्यातून जाईना. साहेब त्याच वर्षअखेरीस निवृत्त होऊन ग्वाल्हेरला गेले. अहवाल छापून आला तेव्हा ते इथे नव्हते.

पुढच्या माघात दुसऱ्या कामासाठी कुक्षीला गेलो होतो. वाकडी वाट करून पाटीदाराकडे गेलो आणि विहीर का मिळाली नाही ते त्याला सांगितलं, सरळ, काही न लपवता. तो ऐकत राहिला. लोट्यातून पाणी दिलं. मग म्हणाला, माझ्या भावाचं एक शेत आहे, तिकडे टेकडीच्या पायथ्याला. तिथे खाली काय आहे, सांगाल?

माझ्या हाती त्या शेताचा हुकूम नव्हता, गडी नव्हते. बसची वेळ होत आली होती. मी बूट काढले, कोट बांधावर ठेवला आणि आम्ही दोघांनी खणायला सुरुवात केली. आळीपाळीने, एक पहार, एक फावडं. अडीच फुटांवर पिवळा मुरूम लागला. थैलीतलं आम्ल टाकून पाहिलं, जवळजवळ काहीच नाही. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं. आम्ही बघत असतानाच ते जिरून गेलं, म्हणजे इथे निचरा होता.

"यहाँ कुआँ खोदो," मी म्हणालो. "इस खेत को पानी दो। नीचेवाले को मत देना।"

"बस, इतनो ई पूछणो थो," तो म्हणाला आणि फावडं हातात घेतलं.

बस कधीच गेली होती, दुसरी संध्याकाळी होती. त्याच्या ओसरीवर गोणपाट अंथरलेलं होतं. मी त्यावर आडवा झालो. हात ठणकत होते, पाठ धरली होती. आतून कुणीतरी भाकरी खायला बोलावत होतं. उठायचं त्राण नव्हतं.