नाटकातले बैल

माझी थोरली बहीण, आमची बाई, पांढरकवड्याला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःचं जुनं वऱ्हाडी नाटक महिला मंडळाकडून बसवायचं ठरवलं. कागदावरची प्रत वाळवीनं कधीच खाल्ली होती. उरल्या होत्या दोन फ्लॉप्या. त्या तिनं माझ्या हवाली केल्या, कारण कधीकाळी मी यवतमाळात संगणकाचे वर्ग चालवायचो. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं तिला सावध केलं असतं.

पहिली फ्लॉपी उघडली तर मराठीचा मागमूस नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, लहानमोठी, कशीही सांडलेली. फाइल बिघडली, असं मी ठरवूनच टाकलं. दुसरीत मजकूर दिसेना, म्हणून ती रिकामी समजून बाजूला फेकली. मग दुरुस्तीआधी जरा शिस्त लावावी म्हणून सगळी मोठी अक्षरं एका झटक्यात लहान केली आणि त्याच फ्लॉपीवर सेव्ह केली.

फाइल ठणठणीत होती, हे मागाहून कळलं. फक्त जुना मराठी फाँट हवा होता, आणि तो दुसऱ्या फ्लॉपीत होता. त्या फाँटात लहान m म्हणजे पूर्ण 'म', मोठा M म्हणजे अर्धा; तसंच एक मात्रा लहान अक्षरात, दोन मात्रा मोठ्या. फाँट चढवल्यावर 'म्हातारी'ची 'महातारी' झालेली, 'पैसे'चे 'पेसे', आणि नाटकातले सगळे बैल बेल.

अजून डोकं तापतं. मराठीला इंग्रजीचं सोंग देऊन दुकानं बंद करून गेलेल्या त्या फाँटवाल्यांवर तापतं. स्वतःवर तर जास्तच. न कळणाऱ्या गोष्टीला शिस्त लावायची ही कुठली खाज?

"काय करून ठेवलं रे हे?" बहीण म्हणाली.

"दुरुस्त करून राह्यलो होतो."

"ते बिमार आहे म्हणून तुले कोनं सांगतलं? मले विचारलं असतं तर जीभ झडली असती तुयी?"

मग ती एकेक ओळ वाचायची, मी सुधारायचो, आणि दर ओळीला एक शिवी खायचो. शेवटच्या पानावर मात्र ती अडली. 'अंगणातला बेल गेला.' नायिकेच्या अंगणात बेलाचं झाडही होतं आणि बैलही. आपण काय लिहिलं होतं, तिला आठवेना. शिव्यांपेक्षा ते जास्त झोंबलं.

"बाई, काय ठेवू?"

"बैल ठेव," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. "झाड कोनाचं वाटोळं नाही करत."