हसुराम म्हात्र्याचं आभाळ

डब्यातलं जेवण जरा जास्तच झालंय आणि शब्दकोशाच्या कचेरीत दुपारचा पंखा कुरकुरतोय. सुगंधाच्या पापण्या जड होतात. हातात कार्ड आहे. शब्द: आभाळ. मूळ: अभ्र, म्हणजे ढग. उदाहरण: 'आभाळ आलं, मीठ झाका.' खाली संपादकांची लाल शाई: 'आकाश येतं होय? ग्रंथाचा आधार द्या, नाहीतर वाक्य गाळा.' एवढे शिकलेले, पण मिठागरात पाऊल टाकलं असेल तर शपथ! पाचला कार्डं छापायला जाणार. वाक्य तिच्या बापाचं. बाप अंगठाबहाद्दर, त्यात जाऊन नऊ वर्षं झालेली. आता ग्रंथ आणायचा कुठून?

पाय गार पडतात. टेबलाखाली खारं पाणी आहे. कार्डांच्या खणांचे वाफे झालेत, त्यांत मीठ पिकलंय. डोक्याला फडकं बांधून तिचा बाप, हसुराम म्हात्रे, मधोमध उभा आहे.

"गो सुगंधे, बसलीस काय? आभाल आयलंय!"

ती वर बघते. सगळं निळंशार. फक्त खाडीच्या अंगाला तळहाताएवढा ढग.

"बाबा, एवढासा तर ढग!"

"तोच तं आभाल! निलं हाय ते हाय तिथंच हाय, त्याला कोन इचारतंय? जो येतो न् आपलं मीठ पितो, तो आभाल."

दोघं भराभर मीठ ओढतात, रास करतात, वर पेंढा घालतात. अख्ख्या कचेरीने जुन्या पोथ्यांत शोधलेला अर्थ हा माणूस रोज उन्हात बोलत होता.

"सर विचारतात, कुठल्या ग्रंथात आहे?"

हसुराम खो खो हसतो. "मी चाळीस उन्हाळे वरचं वाचलंय. तुज्या सायबाला येतंय का? आन ते कार्ड. अंगठा कुठं करू?"

शाळेत असताना प्रगतिपुस्तकावरचा त्याचा अंगठा ती बाईंसमोर हाताने झाकायची. त्याला ते ठाऊक होतं, कधी बोलला नाही.

"इथं कर, बाबा," ती म्हणते. "चांगला ठळक कर."

"बाई, चहा!" कचेरीतला शिपाई हाक मारतो.

सुगंधा दचकून उठते. कार्डावर 'आधार' या रकान्यात पांढरा ठसा आहे, रेघन् रेघ दिसतेय. ती बोट लावून जिभेवर टेकवते. खारट.

ठशाखाली ती नाव लिहिते: हसुराम धाया म्हात्रे, मिठागर. मग उठून सरांच्या टेबलाकडे निघते. कार्ड तिने कडेने धरलंय, ठसा सगळ्यांना दिसेल असं.