हवेत रंगवलेलं कापड

पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरच्या आपल्या गावी लूपे चित्रकार बायकांच्या डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून त्यांना हवेत रंगवायला शिकवायची. झाडाची साल कुटून कापड करण्यात आणि ते रंगवण्यात सेलामावशीचा हात कोणी धरू शकत नसे.

"मावशी, खांदे मोडेस्तोवर कुटतेस कशाला? यात रंगव!"

"आणि हे अंथरायचं कसं गं, शहाणे?"

लूपेने हसत तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मावशी हवेत रंगवण्यात रमली. वर्षभर तिने साल कुटायच्या मोगरीला हात लावला नाही. जुनी कापडं घरच्या लग्नांत वाटून संपली.

मावशी गेली, तेव्हा रिवाजाप्रमाणे शवपेटीखाली घालायला तिच्या हातचं एकही कापड निघेना. शेवटी शेजारणीचं मागून आणलं. लूपेनेच ते अंथरलं, काठ सरळ केले. मावशीने हवेत रंगवलेलं चर्चएवढं कापड लूपेच्या पिशवीतल्या चष्म्यात होतं.