साष्टीला गेलेले शेजारी

कसब्यात आमच्या शेजारी दप्तरातले एक कारकून राहत. साष्टी बेट मराठ्यांकडे आल्यापासून त्यांना पुणं सोसवेना. रस्त्यात कोणी भेटलं की म्हणत, "अहो, इथं काय जगणं आहे? तिकडे समुद्राचा वारा, नारळाची सावली आणि शेजारी कोणी नाही." शेवटचे शब्द माझ्याकडे बघून.

अखेर बदली मागून ते गेले. बायकोनं सोबत यायला साफ नकार दिला. तीन महिन्यांनी सरकारी कागद घेऊन मी बेटावर गेलो, तो त्यांच्याकडेच उतरलो. घर सुरेख होतं, वाराही होता. स्वतः केलेली आमटी वाढून त्यांनी विचारलं, "कशी झालीय?"

"खारट," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. जेवण संपेपर्यंत ते त्या आमटीवरून माझ्याशी कडाकडा भांडले. मग हळूच म्हणाले, "इथली माणसं फार वाईट. काहीही बोला, 'बरं' म्हणतात."

दुसऱ्या दिवशी ते मला खाडीपर्यंत पोचवायला आले. तिथं होडीत बसले, "पलीकडच्या काठापर्यंत येतो." काठावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत आले आणि मग घाटही चढले.

कसब्यात त्यांच्या पत्नी दारातच उभ्या होत्या. "आलात? वाटलं, समुद्रानं तरी ठेवून घेतलं असेल."

उंबऱ्याशीच थांबून शेजाऱ्यांनी उपरण्यानं डोळे पुसले; चेहरा मात्र आमटीच्या वेळेसारखाच उजळला होता.