पक्का रंग आणि माझं इंग्रजी

शेठांनी 'फास्ट कलर' छापायला सांगितलं होतं. मी 'स्लो कलर' छापलं. चुकून एखाद्या ठिकाणी नव्हे. गासडीतल्या प्रत्येक लुंगीच्या कोपऱ्यावर, स्वतःच्या हातानं, आणि आपण मोठी सुधारणा करतो आहोत अशा समजुतीनं.

तेव्हा मी नुकता मॅट्रिक झालो होतो, म्हणजे जगातलं सगळं इंग्रजी मला येत होतं. वडील अंबरनाथच्या कारखान्यात होते. मला तिथं चिकटवायची त्यांची खटपट चालू होती; तोवर पोरगं घरात लोळायला नको, म्हणून त्यांनी मला कॅम्पातल्या एका सिंधी शेठांकडे पत्रं लिहायला बसवलं. उल्हासनगर हे नाव अजून कोणाच्या तोंडात बसलं नव्हतं, आम्ही कॅम्पच म्हणायचो. पलटणीनं सोडलेल्या बराकी, आणि गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत राहणारी चार-चार कुटुंबं. शेठांनी आपल्या वाट्याच्या अर्ध्या जागेत संसार मांडला होता आणि अर्ध्यात आठ हातमाग. सिंधमध्ये त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं म्हणे. ते स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत. शेठाणी बोलायच्या, आणि त्या बोलायला लागल्या की शेठ उठून मागांकडे जायचे.

सूत रंगवायला बदलापूर गावातले एक रंगारी होते. पन्नाशीचे, हात कोपरापर्यंत निळे. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला 'मॅट्रिक' म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांचा रंग जात नसे. खडकावर आपटा, सोड्यात उकळा, उन्हात महिनाभर टाका, तो तसाच. माझ्या एकुलत्या एक चांगल्या सदऱ्याची बाही एकदा त्यांच्या हंड्यात बुडाली, आणि तीच निळी बाही घेऊन मी पुढं मुलगी बघायला गेलो. मुलीच्या आईनं विचारलं, "मुलगा शाई विकतो का?"

पण माझ्या सदऱ्याला कोण विचारतो! माग बंद पडायला लागले होते. आमच्या लुंग्या एडनकडे जायच्या. लढाई संपून काही वर्षं झाली होती, आणि जपानी कापड पुन्हा बोटी भरभरून तिकडे उतरत होतं. आठांतले पाच माग बंद होते. त्यांवरचे विणकर सकाळी यायचे, बंद मागाजवळ बसून विडी ओढायचे आणि दुपारी घरी जायचे. अशात एडनच्या व्यापाऱ्याचं, शेठांच्या सिंधमधल्या जुन्या ओळखीच्या माणसाचं, पत्र आलं. जपानी माल गुळगुळीत आहे, स्वस्त आहे, भावात तुम्ही त्याला पुरणार नाही. मात्र धुतल्यावर त्याचा रंग उतरतो अशी गिऱ्हाइकांची कुरकुर आहे. तुमचा रंग पक्का असेल तर लुंगीवर इंग्रजीत तसं छापून एक गासडी पाठवा. खपली तर दर बोटीला घेईन. नाही खपली तर, साईं, पुन्हा मला विचारू नका.

शेठांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. "ये आखरी है, बाबा," ते मामांना म्हणाले. "ही गासडी चालली तर आठही माग चालतील. नहीं तो लकडी के भाव जाएंगे."

"रंगाचं माझ्यावर सोडा," मामा म्हणाले. "बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं म्हणजे मी. शेठ हिवतापानं पडले आणि छापा कोरून आणायला त्यांनी मला कल्याणला पाठवलं. "फास्ट कलर. ध्यान में रखना." जाताना अंबरनाथच्या स्टेशनात उभा होतो, तर समोरून फास्ट गाडी न थांबता धडधडत निघून गेली. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. फास्ट म्हणजे जलद. म्हणजे फास्ट कलर हा या गाडीसारखा भराभर निघून जाणारा रंग! शेठ आपल्या मालाची आपणच बदनामी करणार होते, आणि त्यांना वाचवायला देवानं एक मॅट्रिक धाडला होता.

छापा कोरणारा म्हातारा म्हणाला, "अहो, गिरणीच्या कापडावर फास्टच असतं."

मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यभर अक्षरं उलटी कोरलीत. तुम्हाला सरळ अर्थ कसा कळणार?"

शेठ अजून अंथरुणातच होते. छापायला मी बसलो. शाईऐवजी मामांनी आपल्या हंड्यातला घट्ट रंग दिला. पहिली लुंगी छापून झाली तशी त्यांनी हात धोतराला पुसले आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

"तुमचा रंग जात नाही, असं."

"माझं नाव हाय का त्यात?"

"नाव नाही, मामा."

"नसू दे. रंग तर माझाच हाय." मग बराच वेळ ते माझ्या शेजारी बसून लुंग्या सारख्या करून देत राहिले.

गासडी गेली. दीड-दोन महिने काही कळलं नाही. मग पत्र आलं, सिंधीत. शेठ वाचत होते आणि आमच्यासाठी हिंदीत सांगत होते. व्यापाऱ्यानं लिहिलं होतं, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम, पण इतका प्रामाणिक माल इथं कोणी घेत नाही. ज्याला वाचता येतं तो वाचून हसतो. ज्याला येत नाही तो त्याचं हसणं बघून शेजारच्या दुकानात जातो. शेजारी जपानी माल आहे. आम्ही ती अक्षरं साबणानं धुतली, सोड्यानं घासली, दगडानं खरवडली. ती काही केल्या जात नाहीत.

शेठ थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "क्या छापा था तूने?"

मी सांगितलं. का, तेही सांगितलं, फास्ट गाडीसकट. एक विणकर हसला, पण त्याला कोणी साथ दिली नाही. मामांना आधी काहीच उमगेना. कोणीतरी त्यांना समजावलं, की कापडावर 'फास्ट' म्हणजेच पक्का, आणि 'स्लो' म्हणजे कच्चा. त्यांनी एवढंच विचारलं, "पन गेला नाय ना रंग?"

"नाही गेला."

"मग?"



महिन्याभरात माग गेले, खरोखरच लाकडाच्या भावानं. ते गाडीत चढवताना शेठ माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाने दे. तू नसता तरी जपाननं आज ना उद्या मारलंच असतं." ते खरंही असेल. मी पुष्कळ दिवस त्या वाक्याचा आधार घेऊन झोपलो. पण ते शेठांच्या चांगुलपणाचं वाक्य होतं, हे मला तेव्हाही समजत होतं.

वर्षभरानं वडिलांची खटपट फळली आणि मी कारखान्यात कारकून झालो. एका सकाळी फाटकाबाहेर मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या माणसांत मामा दिसले. हात आता स्वच्छ होते, इतके की मी आधी ओळखलंच नाही. हमालीच्या जागेसाठी इंग्रजीत अर्ज लागतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, आणि हातात कोरा कागद होता. मी पुढं झालो. म्हटलं, "मामा, आणा तो कागद. मी लिहून देतो, आत्ता, उभ्या उभ्या."

त्यांनी कागद छातीशी धरला.

"नको रं बाबा," ते म्हणाले. "हमालीसुद्धा जायची."