सिमसिमचा दम

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी हियाम झाहले गावातल्या बायकांचे केस कापायची. लग्न केलं नव्हतं. आजारी आई आणि पाळलेला अजगर, एवढाच संसार. अजगराचं नाव सिमसिम. मनगटाएवढा जाड, स्वभावाने गरीब. पण आई, म्हणजे वदादमावशी, म्हणायच्या, "ते लांबडं माझ्या खोलीत आणलंस तर मी जिन्यात जाऊन झोपेन!"

त्या हिवाळ्यात सरकारी वीज नावालाच होती. गल्लीतल्या जनरेटरवर एकच काहीतरी चालायचं, आईचं प्राणवायूचं यंत्र नाहीतर सिमसिमच्या पेटीतला उबेचा दिवा. यात निवडायचं काय? दिवा बंद झाला. प्राणवायूजवळ विस्तव नको म्हणून शेगडीही नव्हती. हियाम पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून कामाला जायची. ती येईतो त्या गार पडायच्या.

सिमसिमने खाणं सोडलं. मान ताठ वर करून बसू लागला. "बघ, खिडकीतून बर्फ बघतोय," हियाम मला कौतुकाने म्हणाली.

एकदा ती पेटी घेऊन आईच्या दारावरून चालली होती.

"थांब. शिट्टी कसली वाजतेय?"

"तुझ्या यंत्राची असेल, आई."

"माझं यंत्र मला कळत नाही होय? त्याला दम लागलाय, बये. मी उशा लावून बसते ना, तसा बसलाय तो. आडवं झालं की जीव घुसमटतो."

हियामने वाकून पाहिलं. तोंडाच्या कडेला बुडबुडे होते.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात पू झालाय. मान वर धरू लागला तेव्हाच आणायला हवं होतं." त्यांनी इंजेक्शनं दिली आणि ऊब द्यायला सांगितलं.

हियाम त्याला घेऊन घरी आल्यावर मावशींनी गोधडीचं टोक उचललं. "दे इकडे. पायाशी ठेव."

"तुला किळस येते ना?"

"येते. दे."

काही दिवस तो तिथेच होता. मग एका सकाळी मावशींनी हाक मारली, "हियाम, शिट्टी थांबली गं."

"बरं वाटतंय त्याला?"

मावशींनी गोधडी त्याच्या डोक्यावरून ओढून घेतली.

परसात जमीन गोठलेली. मी आणि हियामने पहारीने कसाबसा खड्डा केला. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. वर आलो तर मावशींनी नळी नाकातून काढून ठेवलेली.

"माझ्यापायी गेला तो. बंद कर ते यंत्र."

हियामने नळी उचलून आईच्या नाकाला लावली. "पुन्हा असं बोललीस तर बघ! मी तुला निवडलं होतं, आई. पुन्हाही तुलाच निवडेन," असं म्हणत ती त्या गोधडीवरच कोसळली आणि हुंदके देऊन रडू लागली. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.