एका चालीची अठरा रूपं

माझ्या मागच्या गल्लीतल्या मित्राइतका सरळ गोष्ट आडवळणाने करणारा माणूस अख्ख्या स्कोफिल्ड्समध्ये, छे, अख्ख्या सिडनीत सापडायचा नाही. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. एकच बटण तीस तऱ्हांनी दाबून बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. पण ही खोड ऑफिसात ठेवून घरी येईल तर शपथ! लॉकडाऊनमध्ये त्याने रोज मुगाची खिचडीच केली, मात्र रोज निराळी. कधी लसणाची फोडणी, कधी भोपळा, एकदा तर चक्क अ‍ॅव्होकाडो. वर फोन करून मला सांगायचा, "आजची सहावी. पाचवीपेक्षा जरा गंभीर झालीय."

संगीतातही साहेबांनी नेमकं असलंच काहीतरी हुडकून काढलं होतं. चारशे वर्षांपूर्वी कुणा इंग्रजाने रस्त्यावर गायली जाणारी एक साधी चाल उचलली आणि पियानोसारख्या वाद्याच्या कीबोर्डवर वाजवायला तिची अठरा रूपं रचली. चाल तीच, पण कधी ती डाव्या हातात दडून बसते, कधी उजव्या हातात पळत सुटते. याच्या घरात मला दिसत होती ती फक्त त्याच्या आईने पुण्याहून पाठवलेली पेटी. आता पेटी म्हटली की एक हात भात्यावर, आणि या रचनेला तर दोन्ही हात हवेत. म्हणजे भाता मारायला दुसरा माणूस हवा.

त्याच सुमारास एकट्या राहणाऱ्यांना घरी एक पाहुणा ठरवून घ्यायची मुभा मिळाली. याने माझं नाव लावलं. मी तेव्हा कुणाकडे जाण्याच्या अवस्थेत नव्हतो. बाबा तिकडे पुण्यात वारले होते, बॉर्डर बंद होती, आणि त्यांचा अंत्यविधी मी फोनवर पाहिला होता. कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा करायच्या आणि पडदे ओढून पडून राहायचं, एवढंच मला जमत होतं.

"मला नाही जमणार रे," मी म्हणालो.

"भाता मारायला जमायचं काय असतं? चारला ये."

मग रोज चारला मी पेटीच्या मागे. सांत्वनाचा एक शब्द नाही, नुसत्या तक्रारी. "नवव्यात हवा कमी पडली, मेट." बाराव्या रूपात चाल फार संथ होते. तिथे एकदा माझे डोळे वाहायला लागले. मान वर न करता तो म्हणाला, "रडायचं तर रड. हात थांबवू नकोस." मी रडलो आणि भाता मारत राहिलो. त्या दिवशी अठराही रूपं पहिल्यांदाच न अडखळता पार पडली. नंतर आम्ही भोपळ्याची खिचडी खाल्ली.

बॉर्डर उघडली तशी मी पुण्याची तिकिटं काढली आणि त्याच्याकडे बॅग मागायला गेलो. कपाटात बॅगेच्या मागे एक मोठा इलेक्ट्रिक कीबोर्ड उभा होता. त्यावर अठराही रूपांचे कागद, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेले.

"हा वाजत नाही?"

"वाजतो की. मस्त वाजतो."

"मग इतके दिवस मला का राबवलंस?"

तो बॅगेवरची धूळ पुसत राहिला. "याला भाता लागत नाही," तो म्हणाला. "मग तू आला नसतास."

परवा पुण्यात बाबांच्या खुर्चीत बसलो होतो. चार वाजले आणि माझा हात आपोआप मागेपुढे हलायला लागला. आईने विचारलं, "काय रे करतोस?" तिला सगळं सांगायला बसलो. सांगताना रडू आलं, पण हात काही मी थांबवला नाही.